म्हाताऱ्याच्या कातडीएवढी जाडी

माझा धंदा काय, हे कुणाला पटकन सांगता येत नाही. बायको विचारणाऱ्याला सांगते, "हे मेलेल्या फायली उघडतात," आणि समोरचा माणूस लगेच मुलाबाळांची चौकशी करू लागतो. पण तिचं खोटं नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कारखान्यांनी मोठ्या हौसेनं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला सुरुवात केली. ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढली, ती बनवणारी मंडळी पुढं बुडाली, विकली गेली, नाहीतर कंटाळून दुसऱ्याच धंद्याला लागली. फायली मागं राहिल्या. आजच्या कॉम्प्युटरवर त्या उघडायला जावं तर तो चक्क ओळख दाखवत नाही. मग मला बोलावतात. आमच्या घराच्या मागच्या खोलीत सात जुने कॉम्प्युटर आहेत, सातही चालू. बायको त्यांना "तुमचे म्हातारे" म्हणते आणि त्या खोलीत झाडू मारत नाही.

पंपाच्या कारखान्यातून फोन आला तो धाकट्या बाईंचा. धाकट्या बाई म्हणजे मालकीण. पन्नाशी उलटलेली, डोळ्यांवर चष्मा, बोलणं मोजून. पण वडील, म्हणजे थोरले साहेब, सत्त्याऐंशीव्या वर्षीही ठणठणीत असल्यामुळे त्यांचं धाकटेपण काही सुटत नव्हतं.

"आमची अकराशे त्रेचाळीस ड्रॉइंग एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलीत," त्या म्हणाल्या. "नवीन गिऱ्हाइकाला सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये हवंय. होईल?"

मी होईल म्हणालो. मी नेहमीच होईल म्हणतो आणि मग घरी येऊन घाम पुसतो.

ड्रॉइंग ऑफिसच्या कोपऱ्यात उशीच्या फुलाफुलांच्या अभ्र्याखाली तो कॉम्प्युटर झाकून ठेवला होता. पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली: "हात लावू नये. लावायचाच असेल तर धुऊन लावावा." अक्षर इतकं सरळ होतं की छापल्यासारखं वाटावं. मागच्या बाजूला साबणाच्या वडीएवढं डोंगल खुपसलेलं होतं. डोंगल म्हणजे त्या सॉफ्टवेअरची किल्ली. ते लावलेलं नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही, मग तुम्ही कितीही गोड बोला.

चार दिवस मी तिथं बसून एकेक फाइल बाहेर काढली, आणि पाचव्या दिवशी घरी नव्या सॉफ्टवेअरमध्ये पहिलं ड्रॉइंग उघडलं. पंपाचं बाहेरचं कवच, ज्याला केसिंग म्हणतात, त्याचं. रेघा ठीक होत्या, मापं ठीक होती. आणि एका नटाशेजारी लाल अक्षरात लिहिलं होतं: "या नटाला पाना पोचत नाही. साहेबांचे हात सगळीकडे पोचतात, त्यांनी आवळावा."

मी चष्मा पुसला. दुसरं ड्रॉइंग उघडलं. "हे भोक कशासाठी आहे ते थोरल्या साहेबांनाही माहीत नाही. विचारलं तर चिडतात. असू द्या." तिसरं: "ही कड तीनच्या गोलाईत घ्या, नाहीतर साहेबांच्या बोलण्यासारखी लागते."

भानगड माझ्या लक्षात आली. कॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या, ड्रॉइंगमध्ये लेयर असतात. पारदर्शक कागद एकावर एक ठेवलेत असं समजा. एकावर रेघा, दुसऱ्यावर मापं, तिसऱ्यावर मजकूर. नको तो कागद लपवता येतो. तो दिसत नाही, पण असतो. इथं कुणीतरी नव्व्याण्णव नंबरचा लेयर करून त्यावर वर्षानुवर्षं मनातलं लिहिलं होतं आणि लपवून ठेवलं होतं. नव्या सॉफ्टवेअरला लपवलेलं काय नि उघडं काय, दोन्ही सारखंच. सगळं चव्हाट्यावर आलं.

त्या दुपारी मी तीसेक ड्रॉइंग वाचली. परचेसवाल्याच्या मेहुण्याचा उद्धार होता, दारावरच्या घंटेचा होता, आणि थोरल्या साहेबांचा तर पानोपानी. बायको दोनदा डोकावून गेली. एकटा माणूस मशीनच्या ड्रॉइंगकडे बघून हसतोय म्हटल्यावर तिला काळजी वाटणारच. त्यातच एक टीप होती, केसिंगच्या भिंतीवर बाण मारून लिहिलेली: "इथं म्हाताऱ्याच्या कातडीएवढी जाडी ठेवा. ११." ती मी बायकोला बोलावून वाचून दाखवली. आम्ही दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी धाकट्या बाईंना दाखवलं. त्यांनी चार टिपा वाचल्या आणि चष्मा काढून ठेवला.

"हे रेघबाईंचं काम," त्या म्हणाल्या. "ड्रॉइंग ऑफिसच्या प्रमुख होत्या. रिटायर होऊन बारा वर्षं झाली. माझ्या लग्नात त्यांनी मला मिठी मारली होती हो."

"काय करायचं?"

"काढून टाका. सगळ्यातून. गिऱ्हाइकाच्या हातात हे गेलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही. आणि बाबांच्या कानावर तर अजिबात जाता कामा नये."

मी एका ओळीचा हुकूम लिहिला, एंटर दाबलं, आणि अकराशे त्रेचाळीस ड्रॉइंगमधून नव्व्याण्णव नंबरचा लेयर सव्वा मिनिटात साफ झाला. बाकीच्या टिपा मी वाचल्या नाहीत. वाचायला हव्या होत्या. ही कबुली मी इथंच देऊन टाकतो, म्हणजे पुढं लाजायला नको.

काम संपलं, माझे आभार मानले गेले, जुना कॉम्प्युटर डोंगलसकट भंगारात गेला. जुन्या फायलींची एक प्रत सवयीनं माझ्याकडे राहिली.

दोन महिन्यांनी सकाळी सकाळी धाकट्या बाईंचा फोन. आवाज नेहमीसारखाच मोजून, पण मोजमाप जरा चुकलेलं.

"पंप फुटले," त्या म्हणाल्या. "या."

झालं होतं ते असं. जुनी फाउंड्री बंद पडली होती आणि तिच्याकडचे लाकडी साचेही मोडीत निघाले होते. नव्या फाउंड्रीनं मी दिलेल्या ड्रॉइंगवरून नवे साचे केले आणि पाच केसिंग ओतून पाठवली. नव्या गिऱ्हाइकाचा तपासनीस स्वतः चाचणीला आला. नवे कोरे बूट घालून तो टेस्ट बेंचपासून दोन हातांवर उभा राहिला. दाब चढवला. पहिलं केसिंग मधोमध तडकलं आणि पाण्याचा फवारा थेट छताच्या दिव्यापर्यंत गेला. तिथून तो खाली आला तो तपासनिसावर. माणूस मोठा सोशिक. बूट काढून ठेवून त्यानं दुसरं लावायला सांगितलं. तेही गेलं. तिसरं फुटल्यावर मात्र तो अनवाणीच गाडीत जाऊन बसला.

कुणाला लागलं नव्हतं, एवढं नशीब.

मी पोचलो तेव्हा टेस्ट बेंचवरचा फिटर फरशी पुसत होता. तीस वर्षं नोकरी झालेला, मनगटं माझ्या पोटरीएवढी.

"मला आधीच शंका आली होती," तो म्हणाला. "जुनं केसिंग आम्ही दोघं मिळून उचलायचो. हे मी एकट्यानं उचललं."

"मग बोलला का नाहीत?" धाकट्या बाईंनी विचारलं.

"मला वाटलं, नवी गोळी लागू पडली. डॉक्टरांनी बदलून दिली होती ना."

दुरुस्तीसाठी आलेला एक जुना पंप कोपऱ्यात पडला होता. फिटरनं कॅलिपर आणून त्याच्या केसिंगची भिंत मोजली. अकरा मिलिमीटर. मग फुटलेल्याची मोजली. आठ. मी ड्रॉइंग काढलं. ड्रॉइंगमध्ये आठ. जुन्या कागदी कॅटलॉगमध्येही आठच, आणि खाली ठळक अक्षरात: "वजनाने सर्वांत हलका."

तेव्हा मला ती कातडी आठवली.

"बाई," मी म्हणालो, "त्या टिपांमध्ये सगळ्या शिव्या नव्हत्या."

मग त्यांनी मला नको होता नेमका तोच प्रश्न विचारला. "बाकीच्या अकराशे बेचाळीस ड्रॉइंगमध्ये काय काय होतं?"

मला माहीत नव्हतं. जुन्या फायली माझ्याकडे होत्या, सॉफ्टवेअरही होतं, पण डोंगल भंगारात गेलेलं. भंगारवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "दोन महिने? माझ्याकडे माल दोन दिवस टिकत नाही."

फिटर म्हणाला, "रेघबाईंना विचारा. आणि जाताना हात धुऊन जा."

रेघबाई दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या, नणंदेबरोबर. दोघींचे नवरे गेलेले. दार रेघबाईंनीच उघडलं. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, आणि केसांत पेन्सिल खोचलेली. टेबलावर स्वयंपाकघरातल्या फळीचं ड्रॉइंग पसरलेलं होतं, तीन बाजूंनी काढलेलं, मापांसकट.

"सुतारासाठी," त्या म्हणाल्या.

"सुतार पळून गेला," आतून नणंद म्हणाली. "अर्ध्या मिलिमीटरच्या आत पाहिजे म्हणाली त्याला. तो म्हणाला, मावशी, मी फळ्या करतो, घड्याळं नाही."

मी माझी ओळख सांगितली आणि कारखान्याचं नाव घेतलं. रेघबाईंनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"किती फुटले?"

"तीन. तुम्हाला कसं कळलं?"

"बारा वर्षांनी कारखान्याला माझी आठवण दुसऱ्या कशानं होणार? आठनी ओतले?"

"हो."

"लेयर नव्व्याण्णव?"

"मी काढला."

"वाचलात का?"

"थोडा."

"हसलात?"

"हसलो."

"मग काढलात कशाला?" त्या म्हणाल्या, आणि मगच खुर्ची पुढं सरकवली.

त्यांनी सांगितलेली हकिकत साधी होती. पहिला पंप थोरल्या साहेबांनी स्वतः काढला. तेव्हा भिंत आठ ठेवली, आणि त्या पंपाला आठ पुरेशी होती. पुढं मोटर मोठी झाली, दाब वाढला, आठ पुरेना. पण तोवर साहेबांना सर्वांत हलका पंप म्हणून कुठल्याशा प्रदर्शनात ढाल मिळाली होती आणि ती त्यांच्या खुर्चीमागं टांगलेली होती. आठ म्हणजे आठ. मग रेघबाईंनी दोन संच काढायला सुरुवात केली. साहेबांच्या टेबलावर जायचा तो नव्व्याण्णव लपवलेला. खाली साचेवाल्याकडे आणि फिटरकडे जायचा तो नव्व्याण्णव दिसणारा.

"पण शिव्या कशाला?" मी विचारलं.

"नुसतं 'जाडी ११ ठेवा' लिहिलं असतं तर साचेवाल्यानं वाचलंही नसतं. त्याला वाचनाची आवड नव्हती. पण साहेबांबद्दल काही आहे म्हटल्यावर तो ड्रॉइंगचा कोपरान् कोपरा शोधायचा. आणि खरं सांगायचं तर मला राग यायचा. तो कुठं ठेवणार? घरी आणला तर ही होती."

"मी ऐकते आहे," नणंद म्हणाली.

डोंगलचं सांगितल्यावर रेघबाई उठून खिडकीपाशी गेल्या. खिडकी आपटू नये म्हणून फटीत काहीतरी करडं खुपसलेलं होतं. ते त्यांनी ओढून काढलं. खिडकी धाडकन मिटली.

"दोन डोंगल होती. रिटायर झाले तेव्हा मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळं माझ्याकडे तीन होती. म्हणून मी हे घेतलं."

"चोरलं म्हण," नणंद म्हणाली.

"घेतलं."

"आता माझ्या खिडकीचं काय?"

तो प्रश्न तसाच सोडून मी आणि रेघबाई माझ्या घरी आलो. मागच्या खोलीतल्या तिसऱ्या म्हाताऱ्याला डोंगल लावलं. काही नाही. बारा वर्षं उन्हात राहिलेली वस्तू ती. मी पुन्हा लावलं, फुंकर मारली, चार उद्गार काढले. रेघबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं, पर्समधून खोडरबर काढलं आणि डोंगलच्या एकेका पिनेवरून ते हलक्या हातानं फिरवत बसल्या, दहा मिनिटं. मग लावलं. पडद्यावर ते जुनं हिरवं चित्र उमटलं तेव्हा त्यांनी मान एवढीशी हलवली, जुना शेजारी रस्त्यात भेटल्यासारखी.

सगळ्या टिपा एकत्र काढल्या. सहाशे बारा भरल्या. कामाच्या कुठल्या आणि नुसत्या शिव्या कुठल्या, ते रेघबाई आणि धाकट्या बाईंनी समोरासमोर बसून ठरवायचं असं ठरलं. दोघी बारा वर्षांनी भेटल्या. धाकट्या बाई म्हणाल्या, "या." रेघबाई म्हणाल्या, "आले." मिठीबिठी काही नाही.

मीटिंगच्या खोलीत मी प्रोजेक्टरनं भिंतीवर पहिली टीप लावली, आणि दार उघडलं. थोरले साहेब. हातात काठी, मागं त्यांचा ड्रायव्हर. पंप फुटल्याची बातमी त्यानंच दिली असणार, कारण तो छताकडं बघत उभा राहिला.

"बाबा, तुम्ही कशाला त्रास घेतलात," धाकट्या बाई उठल्या. "आम्ही बघतोय ना."

"माझे पंप फुटतायत आणि मी घरी बसून औषधं मोजू?" ते पुढच्या खुर्चीत बसले आणि भिंतीकडं बघून डोळे बारीक केले. "काय लिहिलंय ते? मला दिसत नाही. वाच."

"तांत्रिक आहे, बाबा."

"मग मलाच कळेल. वाच."

धाकट्या बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पटकन पुढची टीप लावली, तर ती आधीच्या टिपेपेक्षा वाईट निघाली. त्यांनी घसा साफ केला आणि वडिलांसमोर, शाळेत धडा वाचावा तशा सुरात वाचलं: "हे भोक कशासाठी आहे ते थोरल्या साहेबांनाही माहीत नाही. विचारलं तर चिडतात. असू द्या."

रेघबाई केसांतली पेन्सिल काढून तिच्या टोकाकडं बघत बसल्या.

"कुठलं भोक?" थोरले साहेब म्हणाले.

"तळाचं," रेघबाई म्हणाल्या. "बारा मिलिमीटरचं. त्यात आपण बोल्ट घालून ते बुजवतो."

थोरले साहेब म्हणाले, "पहिल्या पंपाच्या वेळी ड्रिल घसरलं होतं. म्हणून बोल्ट लावला. पुढं तुम्ही लोकांनी त्या पंपावरूनच ड्रॉइंग काढलं."

"तीस वर्षं?" धाकट्या बाई म्हणाल्या.

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"विचारलं होतं," रेघबाई म्हणाल्या. "चिडलात."

फिटर चहा द्यायला आत आला होता. चहाचं काम त्याचं नाही, पण तो आला होता आणि तिथंच भिंतीला टेकून उभा राहिला. कुणी त्याला जा म्हटलं नाही.

त्यानंतर जे झालं ते दोन तास चाललं. धाकट्या बाई वाचत होत्या, रेघबाई अर्थ सांगत होत्या, मी याद्या करत होतो. "परचेसवाल्याच्या मेहुण्याचं बेअरिंग इथं बसत नाही. कुठंच बसत नाही." हे कामाचं, कारण नव्या यादीत तेच बेअरिंग परत आलं होतं. "साहेब सुट्टीवर आहेत तोवर हे मुकाट्यानं दुरुस्त करून घ्या." हेही कामाचं, मोठी चूक होती ती. नटाचंही खरंच होतं, पाना पोचत नव्हता. थोरले साहेब मधूनमधून "पुढं" म्हणायचे, बस्स. बाईंचा आवाज हळूहळू धड्याचा राहिला नाही. एका टिपेला त्या फसकन हसल्या आणि मग खोकल्याचं नाटक केलं.

आणि ती आली. धाकट्या बाईंनी ती आधी मनात वाचली. "बाबा, ही राहू दे."

"वाच."

"इथं म्हाताऱ्याच्या कातडीएवढी जाडी ठेवा. अकरा."

"अकरा?" कातडीचं त्यांना काही वाटलंच नाही, माप मात्र बरोबर टोचलं. "केसिंगला आठ आहे."

"कागदावर," रेघबाई म्हणाल्या. "बाहेर गेलेल्या प्रत्येक पंपाला अकरा आहे. बावीस वर्षं."

"माझ्या पंपाचं केसिंग एकतीस किलो आहे."

फिटर म्हणाला, "बेचाळीस आहे, साहेब."

"कोण म्हणतं?"

"माझी कंबर."

थोरले साहेब उठले. काठी टेकत खाली शेडमध्ये निघाले आणि आम्ही सगळे वरातीसारखे मागं. वजनकाट्यावर त्यांनी आधी जुनं केसिंग ठेवायला सांगितलं. फिटरनं आणि ड्रायव्हरनं मिळून ठेवलं. बेचाळीस किलो तीनशे. मग फुटलेलं, सगळे तुकडे जमवून. एकतीस. त्यांनी वाकून काटा स्वतः बघितला, दोन्ही वेळा, नाक जवळजवळ काचेला लावून. कारखान्यात ज्यानं ज्यानं तो पंप कधी उचलला होता, त्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. ज्यानं कधी उचलला नव्हता त्या एकाच माणसाला ते बावीस वर्षं कळलं नव्हतं, आणि तोच गावभर वजनाची भाषणं देत फिरला होता.

"मला सांगितलं का नाही?" त्यांनी रेघबाईंना विचारलं. आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच ऐकवत नव्हता.

"तीन वेळा सांगितलं. पहिल्यांदा तुम्ही ढाल दाखवलीत. दुसऱ्यांदा, बायकांना लोखंडातलं काय कळतं, म्हणालात. तिसऱ्यांदा पेन फेकलंत. ते मला लागलं नाही, पण मागच्या ड्रॉइंगवर शाई सांडली आणि ते मला परत काढावं लागलं."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं. चार दिवस लागले होते."

ते एका लाकडी खोक्यावर बसले. ड्रायव्हर पाणी आणायला निघाला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. धाकट्या बाई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, पण खांद्यावर हात ठेवावा की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं. मीही तिथं उगाचच उभा होतो. दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकायला लागावं तसं वाटत होतं.

"म्हणजे मी बावीस वर्षं लोकांना खोटं सांगितलं," ते म्हणाले.

"तुम्हाला ते खरंच वाटत होतं," रेघबाई म्हणाल्या. "खोटं आम्ही बोललो. सगळ्यांनी मिळून."

"त्यातला एक तरी फुटला?"

"एकही नाही."

ते म्हणाले, "पेन द्या." आणि धाकट्या बाई जरा मागं सरकल्या ते बघून, "सही करायची आहे गं, फेकायचं नाही."

केसिंगचं ड्रॉइंग तिथंच खोक्यावर पसरलं. आठच्या जागी अकरा झाल्याची नोंद रेघबाईंनी केली, साहेबांनी सही केली. सही चौकटीबाहेर गेली आणि रेघबाईंच्या तोंडावर जे दुःख दिसलं ते अख्ख्या दिवसात दिसलं नव्हतं.

"आता ही टीप नीट भाषेत लिहून टाका," धाकट्या बाई मला म्हणाल्या. "'भिंतीची जाडी अकरा.' एवढंच."

"नको," थोरले साहेब म्हणाले. "नुसतं अकरा लिहिलं तर उद्या कुणीतरी हुशार येईल आणि लोखंड वाचवायला आठ करेल. माझ्यासारखा. कातडीही लिहा. कातडी लक्षात राहते."

ते काम पुढं दीड महिना चाललं. रेघबाई रोज सकाळी आमच्या मागच्या खोलीत यायच्या, आल्या आल्या हात धुवायच्या आणि मलाही धुवायला लावायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी खोली झाडली, चौथ्या दिवशी बायकोनं मला त्यांचं उदाहरण दिलं. सहाशे बारांपैकी दोनशे सत्तर टिपा कामाच्या निघाल्या. त्या आम्ही नव्या ड्रॉइंगवर उघड्या आणल्या, गिऱ्हाइकापुढं ठेवता येतील अशा भाषेत. उरलेल्या धाकट्या बाईंनी शेवटी काढल्या नाहीत. लेयर तसाच ठेवला, लपवून. कातडीची टीप मात्र दोन्हीकडं आहे. अकरानं ओतलेली केसिंग आली, चाचणी झाली. तपासनीस या वेळी दाराबाहेर उभा राहून काचेतून बघत होता, आणि सगळी पास झाल्यावरही आत आला नाही. नणंदेच्या खिडकीला मी एक चांगली कडी बसवून दिली. तिनं ती वाजवून बघितली आणि आधीचं बरं होतं म्हणाली.

थोरल्या साहेबांनी माझा नंबर घेतला होता. रोज सकाळी दहाला त्यांचा फोन यायचा, आजच्या टिपा वाचून दाखवा म्हणून. मी वाचायचो. कधी ते हसायचे, कधी म्हणायचे, "हे मात्र खरं आहे," आणि कधी एखाद्या मेलेल्या माणसाची आठवण सांगत बसायचे. कातडीवर चिडले नाहीत, बोलण्यावर चिडले नाहीत, सुट्टीवर गेल्याचा लोकांना झालेला आनंदही त्यांनी पचवला.

एकदाच बिघडलं. गळणाऱ्या सीलच्या ड्रॉइंगवर टीप होती: "साहेबांनी एकदा स्वतः चहा केला होता, तेव्हा हे सील का गळतं ते कळलं. पाणी किती हे दोन्हीकडं चुकलंय." मी वाचली आणि पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी आला.

"त्या बाईंना सांगा," ते म्हणाले, "चहाची टीप चुकीची आहे. माझा चहा चांगला असायचा. ती दुरुस्त करा."

रेघबाई शेजारीच बसल्या होत्या. मी फोन हातानं झाकून निरोप दिला. त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही.

"मी तो प्यायले होते म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि पुढची फाइल उघडली.